हाडांचं वय

धाड,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

शेखर,

आशीर्वाद शेवटी लिहीन, उरले तर.

मुली लवकर वयात येतात यावरचं तुझं भाषण पाहिलं. रुपालीनं मोबाइलवर पाठवलं. रुपाली माझी जुनी विद्यार्थिनी, आता अकरावी सायन्सला आहे. खाली लिहिलं होतं, "मॅडम, हे तुमचे भाऊ ना? तुमच्याबद्दल बोलून राह्यले." मला वाटलं, दीड वर्षानं का होईना, भावानं बहिणीचं नाव काढलं. चहा बाजूला ठेवून ऐकायला बसले.

चौदाव्या मिनिटाला तू म्हणालास, "माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचंच उदाहरण घ्या. लहानपणी वजन जास्त. दहाव्या वर्षी पाळी सुरू झाली. आज त्रेचाळीस वर्षांची आहे, मूल नाही." आणि पडद्यावर माझा फोटो. मला कोणी ओळखू नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी. डोणगावच्या शाळेतल्या गॅदरिंगचा तो फोटो. त्यात शेजारी तू उभा होतास. तुला कापून काढलंय, पण माझं बोट धरलेली तुझी मूठ तेवढी राहून गेली आहे. लोक हसले नाहीत, हळहळले. त्याचा जास्त राग आला.

दहाव्या वर्षी मला पाळी आली नाही, शेखर. आणि मी त्रेचाळीस वर्षांची नाही. दोन्ही गोष्टी तुला माहीत आहेत. मूल न होण्याचं कारण ज्या फायलीत आहे ती फाइल तुझ्या भाऊजींच्या कपाटात आहे आणि तिच्यावर माझं नाव नाही. एवढंच सांगते, पुढं विचारू नको.

पण हे पत्र माझ्यासाठी नाही. माझ्या फोटोचं काय करायचं ते कर. हे पत्र समीक्षासाठी आहे.

तुझ्या कागदावर ती समीक्षा नाही, ११३ आहे. माझ्या शाळेत चौथीत आहे. तिची आई महामाया दर अठ्ठाविसाव्या दिवशी, गुरुवारी, सकाळच्या पहिल्या एसटीनं तिला बुलढाण्याला तुझ्या प्रकल्पाच्या दवाखान्यात नेते. मुलीचं वयात येणं थांबवायचं इंजेक्शन. आतापर्यंत चौदा झाली. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. महामाया यंदा मागं राहिली म्हणून नवऱ्यानं तिच्या जागी पुतण्याला नेलं.

तुझ्या आहाराच्या बाईंनी तिला सांगितलं, मुलगी जाड आहे, पाकिटातलं खाणं बंद करा. महामाया मला विचारायला आली. "मॅडम, कोन्तं पाकीट? आमच्या घरी त मिठाचंच पाकीट येते." मग तिनं आपल्या समजुतीनं पोरीची दुसरी भाकर बंद केली. समीक्षा शाळेत तीन-तीनदा खिचडी का मागते, ते मला आत्ता कळतंय.

तुझ्या पत्रकात छापलंय की वेळीच उपचार न केल्यास पुढे मूल होण्यात अडचणी येऊ शकतात. ते पत्रक वर्गात फिरलं. परवा डिंपल नावाची मुलगी सगळ्यांसमोर तिला म्हणाली, "तुले त पोरगंच होनार नाई." समीक्षा म्हणाली, "तुले इचारलं का बे?" आणि दप्तर उचलून शेवटच्या रांगेत जाऊन बसली. चौथीतल्या मुली आहेत या.

तिचं वय चुकलंय. ती तुझ्या कागदावरच्या वयापेक्षा मोठी आहे. तिला काही झालेलं नाही, ती वेळेवर मोठी होत होती. शाळेच्या रजिस्टरातल्या तारखा कशा असतात हे तुला सांगायला नको. पंधरावं इंजेक्शन २७ तारखेला आहे. त्याआधी थांबव.

आमच्या गावात तपासणी नको, दुसरं गाव घे, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. त्यावरून तू रुसलास. मेसेज तू अर्धाच वाचतोस म्हणून हे पोस्टानं पाठवते. निदान पाकीट तरी फोडावं लागेल.

ताई


रविवार, २३ फेब्रुवारी

शेखर,

पत्राला मेसेजनं उत्तर. तेही चार ओळींचं. "ताई, तारखा शाळेच्या रजिस्टरातून, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी घेतल्या आहेत. चूक असेल तर पुरावा पाठव. तेव्हा 'दुसरं गाव घे' म्हणालीस, कारण सांगितलं नव्हतंस. भाषणाचं मनावर घेऊ नको, नाव घेतलेलं नाही."

कारण सांगितलं नव्हतं, हे खरं आहे. त्या वाक्यापाशी मी दोन दिवस अडले. पण पुरावा? पुरावा तू मला मागतोस?

आपल्या घरात तुझी एक जन्मतारीख होती, माझ्या दोन. मी एकोणऐंशीच्या पोळ्याची. शाळेत आबांनी एक्क्याऐंशी लावलं, पोरगी नोकरीला लागली तर दोन वर्षं जास्त करेल म्हणून. अठरा झाल्यावर मला पाहायला आले. मुलगा पोलिसात होता. माझा दाखला वाचून त्याच्या वडिलांनी कप खाली ठेवला. "उकंडराव, पोरगी त सोळाची हाय. पोराची नोकरी घालवता का?" आबा शपथा घ्यायला लागले, गावात कोणालाही विचारा म्हणाले. पाहुणे पायात चपला घालत होते. लग्न मोडलं, आणि त्या दोन वर्षांत मी बीएस्सीला गेले. तू चौदा वर्षांचा होतास, दाराआड उभा राहून हसत होतास. मला म्हणालास, "ताई, तुले त आबानं चुकून वाचवलं." तुझेच शब्द आहेत. तेव्हाच्या डायरीत आहेत.

तोच तू आज विचारतोस, रजिस्टरातली तारीख खोटी असू शकते याला पुरावा काय. पुण्यातल्या दुसऱ्या एखाद्या डॉक्टरनं विचारलं असतं तर मी समजून घेतलं असतं. आमच्याकडची रीत त्याला माहीत नसती. तू त्याच रजिस्टरांच्या गावात वाढलास, त्याच दाखल्यावर माझी बाराव्या वर्षीची पाळी दहाव्या वर्षी मोजलीस आणि लोकांना दाखवलीस.

आणि पुरावा तुझ्याच कपाटात आहे. भाषणात तू डाव्या पंजांचे एक्स-रे दाखवलेस. हाडांच्या वाढीवरून वय कळतं हे समजावून सांगितलंस. मग म्हणालास, या एका गावात सतरा मुली अशा सापडल्या की त्यांच्या हाडांचं वय त्यांच्या खऱ्या वयाच्या दोन वर्षं पुढं आहे. टाळ्या पडल्या. सतरा हा आकडा ऐकून मी मोबाइल उलटा ठेवला.

सतराच्या सतरा दोनच वर्षांनी पुढं? एखादी सहा महिन्यांनी नाही, एखादी चार वर्षांनी नाही? शेखर, मी प्राथमिक शाळेची मास्तरीण आहे. सतरा पोरांच्या वहीत एकच चूक सापडली तर मी पोरांवर ओरडत नाही. आधी फळ्यावर काय लिहिलं होतं ते पाहते. हाडं खरं सांगत होती. तुम्ही हाडांनाच आजारी ठरवलं.

तपासणीचा तो २०२३ च्या ऑगस्टमधला दिवस मला आठवतो. शाळेतून शिकून गेलेल्या मोठ्या मुलींनाही बोलावलं होतं. मुली काट्यावर चढायला लाजत होत्या. समीक्षाच म्हणाली, "सर, पयले तुमी उभे राहा." तू पोट आत ओढून उभा राहिलास. काटा त्र्याण्णववर गेला. ती म्हणाली, "अगागा! मंग आजार त तुमालेच हाय." अख्खी शाळा हसली. तूही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलास. मला वाटलं, आपलं भांडण मिटलं. पण जाताना तू घरी चहाला आला नाहीस.

बायांनी तुझ्या संमतीच्या कागदावर अंगठे दिले ते तुझ्याकडे पाहून नाही, माझ्याकडे पाहून. "मॅडमचा भाऊ हाय" एवढंच त्यांनी त्या कागदात वाचलं.

येत्या गुरुवारी तिला पुन्हा बोलावलंय. थांबव.

ताई


रविवार, २ मार्च

शेखर,

पंधरावं झालं.

गुरुवारी दुपारच्या एसटीतून दोघी उतरल्या. समीक्षा एक पाय ओढत चालत होती. मला पाहून म्हणाली, "मॅडम, आज मी रडली नाई." मी शाबास म्हटलं. घरी येऊन ते डायरीत लिहिलं आणि लगेच खोडलं. शाबास कशाबद्दल?

ते इंजेक्शन तू दिलं नाहीस, मी दिलं. दोन पत्रं लिहिली. पहिल्यात लिहिलं, "वय चुकलंय", जसं काही ते आपोआप चुकलं. दुसऱ्यात आबांची गोष्ट सांगितली, माझी नाही. पोरांनी असं केलं तर मी कान धरते.

तारखा मी लिहिल्या. ज्या मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा तू दाखला देतोस ती सही माझी आहे. अकरा वर्षं मीच प्रभारी आहे. तू माझं अक्षर ओळखतोस, तरी 'मुख्याध्यापक' असं लिहिलंस. का, ते मी तुला विचारत नाही. आधी माझं सांगते.

ऊसतोडीवर, वीटभट्टीवर जन्मलेल्या पोरींचा बऱ्याचदा जन्माचा दाखला नसतो. सात-आठ वर्षांच्या झाल्या की आई शाळेत आणून बसवते. दाखला नसला तर पालकानं लिहून दिलेल्या तारखेवर नाव घालता येतं. ती तारीख मी लिहायचे, आई अंगठा द्यायची. प्रत्येकीला दोन वर्षं कमी. मग आईला सांगायचे, ही तारीख पाठ करा, कोणी विचारलं तर हीच सांगा, खरी कोणालाही सांगू नका. मुलगी सोळाची झाली की इकडे पाहुणे येऊ लागतात. कागदावर ती चौदाची असली की ग्रामसेवकाला मधे पडावंच लागतं. अठरा झाली म्हणून बाप रेटायला लागला की कागद म्हणतो, सोळा. आबांनी मला चुकून दिलेली दोन वर्षं मी या पोरींना मुद्दाम देत होते. अकरा वर्षांत सतरा पोरी. त्यांच्या खऱ्या तारखा माझ्या डायरीत आहेत. मला खोटं लिहायचं होतं, खरं विसरायचं नव्हतं.

तुझ्या प्रकल्पातली मुलगी रजिस्टर उतरवत होती तेव्हा मी समोर बसले होते. ती एकेक तारीख मोठ्यानं वाचायची आणि मी "बरोबर" म्हणायचे. सतरा वेळा खोटं "बरोबर". मला वाटलं, उंची-वजन घेतील आणि जातील. नोकरीची भीती होती का? होती. पण तिच्याआधी दुसरी भीती होती, की आपलं हे चांगलं काम एकदा उजेडात आलं तर चांगलं दिसणार नाही. हे वाक्य मी तीनदा खोडलं. त्यातही मी स्वतःला बरं ठरवतेय की काय, मला सांगता येत नाही.

वर्षभर मी काय करत होते, हेही तू विचारशील. समीक्षा महिन्याच्या महिन्याला गुरुवारी गैरहजर असायची. "ताकदीची सुई हाय," महामाया म्हणायची. मी हजेरीत खूण करून पुढचं नाव घ्यायचे. पत्रक हातात पडलं तेव्हा कळलं. आधी विचारलं असतं तर आधी कळलं असतं. विचारलं नाही, कारण तुझ्या तपासणीचा विषय निघालेला मला नको होता.

समीक्षा १२ नोव्हेंबर २०१३ ची आहे. कागदावर २०१५. तू तपासलीस तेव्हा ती पावणेआठची नव्हती, पावणेदहाची होती. त्या वयात मुलीची छाती भरू लागते याला आजार म्हणत नाहीत, एवढं मला कळतं. सतरांपैकी सोळा तुझ्या उपचाराच्या वयात बसत नव्हत्या. ही एकटी सापडली.

आता तरी थांबव.

ताई


रविवार, २३ मार्च

शेखर,

या वेळी पत्र आलं. टाइप केलेलं, संस्थेच्या कागदावर, जावक क्रमांकासकट. आशीर्वादाची गोष्ट आता राहू दे.

तू लिहितोस, शोधनिबंध छापण्यासाठी स्वीकारला गेला आहे. तोंडी सांगण्यावरून एका मुलीची तारीख बदलता येत नाही. जिनं रजिस्टरात खोटं लिहिलं त्या शिक्षिकेची डायरी पुरावा म्हणून चालणार नाही. (हे मला मान्य आहे.) सतराही मुलींची नावं आणि खऱ्या तारखा पालकांच्या सह्यांनिशी पाठव, मग समिती बसेल, तोवर उपचार मधेच तोडणं योग्य नाही. आणि सगळ्यात खाली, पेननं: "ताई, मला तेव्हाच थोडी शंका आली होती. पण कागद अधिकृत होता."

थोडी शंका.

ती ओळ वाचून मी उठले आणि अंगणातला हंडा घासायला घेतला. तो घासलेलाच होता. शंका आली होती तर एक फोन करायचा होतास. "ताई, आबांसारखं काही नाही ना?" एवढे पाच शब्द. मी खोटं बोलले असते का? बोलले असते, कदाचित. पण तू ते पाच शब्द बोलला नाहीस, कारण उत्तर खरं आलं असतं तर तुझ्या सतरा गेल्या असत्या. मग भाषणात दाखवायला काय राहिलं असतं? माझा फोटो? मी "बरोबर" म्हणत होते आणि तू शंका गिळत होतास, जणू एकाच टेबलाशी बसून. काट्यावर ती पोरगी उभी होती. आपल्याला दोघांनाही खरं ठाऊक होतं, आणि सुई तिला लागली.

यादी देणार नाही.

त्या सतरांत रुपाली आहे, मला तुझं भाषण पाठवणारी. कागदावर सोळाची, खरी अठरा पूर्ण. तिच्या बापानं मुलगा पाहून ठेवलाय. मागच्या महिन्यात ग्रामसेवकानं शाळेचा दाखला पुढं करून पाहुणे परतवून लावले. तिला बारावी करून नर्सिंगला जायचंय. तू म्हणतोस, पालकांच्या सह्या आण. तिच्या बापापुढं जाऊन काय सांगू? मुलगी लग्नाची झाली, इथं सही करा? खोटं माझं आहे, ते मी कोणावर ढकलत नाही. पण त्याच्यावर आता तिची अकरावी उभी आहे. तुझ्या समितीला नीट बसता यावं म्हणून मी ते तिच्या पायाखालून काढणार नाही. तुला निबंध खरा करायचा असेल तर नावं लागत नाहीत. आमचं अख्खं गाव काढून टाक. लिही की इथल्या तारखा भरवशाच्या नाहीत. एका ओळीचं काम आहे.

समीक्षाचं मी इथून पाहते. आमच्या अंगणवाडीच्या खैरुन्निसा आपांकडे गेले. त्यांच्याकडे जुन्या वजनाच्या वह्या आहेत, हातानं रेघा मारलेल्या. मी कसंबसं सांगायला सुरुवात केली तर त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या शाळेत गेल्या का पोरी दोन वर्षानं लहान होते, मले दिसत नाई का? मी त्यायले मांडीवर घेऊन तोलेल हाय." मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलल्या का नाहीत? "तुमी बोलत नवत्या, मंग मी कायले बोलू? आन तुमच्या भावाच्या मानसाले मी वही दाखवली होती. म्हने, छापील नाई, चालत नाई."

त्या वहीत मे २०१४ ला नोंद आहे. समीक्षा, महामायाची, सहा महिने, पाच किलो आठशे. आपा हसायला लागल्या. "इचारा तुमच्या भावाले. त्याच्या कागदावर हे पोरगी जल्मायची होती अजून दीड वर्षानं. मंग माह्या काट्यावर कोन बसलं होतं?"

तिथून महामायाकडे गेले. ती तुरी निवडत होती. मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "मले त मालूमच होतं तिचं वय."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"तुमीच त सांगतलं होतं, कोनालेई सांगू नका. मी तुमचा शब्द मोडू का?" सूपभर तुरी निवडून झाल्यावर पुन्हा बोलली. "मले वाटलं, हाडाचा फोटू काढला, त्यायले समजलंच असन. एवढा मोठा डॉक्टर. तुमचा भाऊ." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "मी तिच्या ताटातली भाकर उचलून घेत होती, मॅडम. माह्या हातानं."

एरवी मी दिसले की ती आधी बसा म्हणते. त्या दिवशी म्हणाली नाही.

गुरुवारी आम्ही येतोय.

ताई


शुक्रवार, २८ मार्च

शेखर,

काल काय झालं ते तुला तुझ्या दवाखान्यातून कळलं असेल. तरी माझ्याकडून ऐक, कारण तुमच्या कागदावर "पालकांनी उपचार नाकारला" एवढंच राहील.

आम्ही चौघी गेलो. खैरुन्निसा आपांचा रोजा होता. घोटभर पाणी न घेता त्या एवढ्या उन्हाच्या आल्या, वही दुपट्ट्यात गुंडाळून. तुझ्या तिथल्या तरुण डॉक्टर, कौसर मॅडम, यांनी वही उघडली. मे २०१४ चं पान दोनदा वाचलं. फायलीतून एक्स-रे काढून खिडकीच्या उजेडावर धरला. मग तुला फोन लावला. तू काय बोललास ते आम्हाला ऐकू आलं नाही. त्या म्हणाल्या, "सर, पण ही वही..." मग नुसतं "हो सर". मग परत "हो सर". फोन ठेवून महामायाला म्हणाल्या, "सर म्हणतात, निर्णय होईपर्यंत चालू ठेवू."

महामाया उठली. तिनं समीक्षाचा फ्रॉक खाली ओढला, दप्तर तिच्या खांद्याला लावलं. "तुमच्या सरायले सांगा, निर्णय झाला."

कौसर मॅडमनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. फायलीवर स्वतःच्या हातानं लिहिलं: अंगणवाडीच्या नोंदीनुसार मुलीचं वय दोन वर्षांनी जास्त, इंजेक्शन दिलं नाही. खाली सही केली, तारीख टाकली. अठ्ठावीस-एकोणतीसची असेल, तुझ्या हाताखाली नोकरी करते. आपण दोघांनी दीड वर्षात जे केलं नाही ते तिनं पाच मिनिटांत केलं. तिला तू त्रास दिलास तर पुढचं पत्र तुला येणार नाही, तुझ्या संस्थेला जाईल.

हे सगळं समीक्षा ऐकत होती. आपण मोठी माणसं पोरांसमोर असं बोलतो की जसे त्यांना कानच नाहीत. बाहेर पायरीवर बसल्यावर तिनं विचारलं,

"मॅडम, मंग मी आता किती वर्षाची हाओ?"

"अकरा पूर्ण. बारावं चालू आहे."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "मंग मी आजारी नवती?"

"नाही."

"कदीच?"

"कधीच नाही."

"मंग मले कायले टोचत होते?"

महामाया रस्त्याकडे पाहत होती. आपा वही उघडून उगाच पानं चाळायला लागल्या. मी सांगितलं. तुझी तारीख शाळेत मी लिहिली. खोटी लिहिली. तुझं भलं होईल असं मला वाटलं. डॉक्टरांनी ती खरी धरली.

"त्या जाड्या सरायनं?"

"हो."

"त्यायले समजलं नाई, खोटी हाय म्हनून?"

मला इथं "नाही" म्हणता आलं असतं. तुझी लाज राखली गेली असती, आणि तुझ्या आडून थोडी माझीही. "त्यांना शंका आली होती," मी म्हटलं.

"शंका म्हंजे?"

"म्हणजे त्यांना वाटलं होतं, विचारावं."

"मंग इचारलं काऊन नाई?"

"ते त्यांनाच विचारावं लागेल," मी म्हटलं. बावीस वर्षांची नोकरी होईल मला पोरांपुढं उभं राहायची. पोरीचा प्रश्न असा दुसऱ्यावर कधी टाकला नव्हता. 

एसटीत महामायानं मांडीवर फडकं सोडलं. दोन भाकरी होत्या आणि ठेचा. दोन्ही भाकरी तिनं समीक्षाच्या हातात दिल्या. पोरगी पहिली खाऊन झाल्यावर आईकडे पाहायला लागली. "खाय," महामाया म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड केलं.

आज मी गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी दिलं. समीक्षाची जन्मतारीख मी जाणूनबुजून चुकीची लिहिली, असं. एकाच तारखेबद्दल लिहिलंय. चौकशी लागेल, लागू दे. बाकीच्या तारखा विचारतील तेव्हा काय सांगायचं ते ठरवलंय. तुला सांगणार नाही. ते बरोबर ठरवलंय की चूक, याचा विचार अजून संपलेला नाही. पण डायरीतली ती सोळा पानं आता डायरीत नाहीत.

तुला उत्तर लिहायचं असेल तर मला लिहू नको. टाइप करू नको, समितीला दाखवू नको. प्रश्न तिचा आहे, तिला लिही. समीक्षा, इयत्ता चौथी, आमची शाळा. शब्द सोपे शोधत बसू नको. तिला सगळं वाचता येतं. मीच शिकवलंय.

ताई